दावं कोणाच्या हातात?
(स्वातंत्र्यावरच्या गावरान बोलीची प्रस्तावना)

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पाथर्डीकडे तिरंगा चढला, तेव्हा शिरूर कासारच्या बाजूला तो चढवणाऱ्याची रवानगी तुरुंगात होत होती. अहमदनगर जिल्हा मुंबई इलाख्यातला, म्हणजे इंग्रजांचा. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. मधली हद्द म्हणजे काही बांध, काही ओढे, डोंगराची एखादी सोंड. दोन्हीकडे सोयरिकी होत्या, बाजारहाट एकमेकांत होता. तरी पलीकडचा व्याही स्वतंत्र झाला आणि अलीकडच्याला आणखी तेरा महिने थांबावं लागलं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. मराठवाड्यातली जुनी माणसं त्याला आजही 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. कोणाचा जन्म, कोणाचं लग्न, कोणती विहीर कधी खोदली हे 'ॲक्शनच्या आधी' की 'ॲक्शनच्या मागून' अशा खुणेनं सांगतात.

ज्या मुलखात स्वातंत्र्य असं हप्त्यानं आलं, तिथं त्याच्याबद्दलची थट्टाही आपल्या धाटणीची असणार. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या पट्ट्यात आणि शेजारच्या पाथर्डीकडे स्वातंत्र्य, सुटका, मोकळीक यांभोवती जे टोमणे, टोपणशब्द आणि वाक्प्रचार ऐकू येतात, त्यांचा हा संग्रह आहे. यातले पुष्कळ शब्द महाराष्ट्रभर चालतात. इथं त्यांना इथल्या मातीचा वास लागला आहे. मला या प्रस्तावनेत एकच गोष्ट मांडायची आहे. ही थट्टा म्हणजे लोकांनी ठेवलेला स्वातंत्र्याचा जमाखर्च आहे आणि ज्यांच्या वाट्याला ते उशिरा, अर्धंमुर्धं आलं, त्यांनी तो सगळ्यांत नेटानं ठेवला आहे. म्हणून तो हसत वाचावा, पण हलक्यात घेऊ नये.

सुरुवात 'मोगलाई'पासून करायला हवी. इंग्रजी अमलातल्या नगर-सोलापूरच्या लोकांना निजामाचा मुलूख म्हणजे मोगलाई. मूळ दख्खनच्या सुभ्याचं हे नाव पुढं बेकायदा वागण्याला चिकटलं. 'काय मोगलाई लागली का?' हा प्रश्न आज रांग मोडणाऱ्याला, दुसऱ्याच्या वावरात गाडी घालणाऱ्याला, विचारल्याशिवाय पंपाची मोटर चालू करणाऱ्याला विचारला जातो. खुद्द मोगलाईत राहिलेल्यांच्या नातवंडांच्या तोंडीही हा शब्द आहे. शेजाऱ्यानं आपल्या मुलखाला ठेवलेलं नाव उचलून, आपल्यावर जुलूम करणाऱ्यालाच ते बहाल करायचं, यात मला फार मोठी ताकद दिसते.

त्याच्याच जोडीला 'हम करे सो कायदा'. हा वाक्प्रचार मराठीनं मराठी करून घेतला नाही, हिंदी-दखनीतच ठेवला. मराठवाड्यापुरतं बोलायचं तर त्याला इतिहास पोषक आहे. निजामाच्या राज्यात कचेरीची, कोर्टाची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच होतं. हुकूम ज्या वळणाच्या भाषेत यायचा, त्याच वळणात त्याची नक्कल करायची, हे ऐकणाऱ्याला लगेच कळत असे. गावातल्या आडदांड माणसाबद्दल हे वाक्य म्हणताना आवाज बदलून, छाती काढून म्हणतात. कोशात शब्द छापता येतो, ती छाती छापता येत नाही.

हद्दीच्या दोन्ही बाजूंना थट्टेचे मार्ग वेगळे का झाले, हेही इथंच सांगतो. इंग्रजी मुलखात छापखाना होता आणि छापलेल्या शब्दाची धास्ती सरकारला होती. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ साली 'काळ' साप्ताहिक काढलं आणि वक्रोक्तीचं असं शस्त्र केलं की, सरळ अर्थानं वाचणाऱ्याला स्तुती वाटावी आणि मर्म ओळखणाऱ्याला आग लागावी. १९०८ साली त्यांना राजद्रोहाखाली १९ महिन्यांची शिक्षा झाली, पुढं त्यांचे निबंध जप्त झाले. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर १९१० साली बंदी आली, कारण कीचक कोण हे प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं. निजामाच्या राज्यात एवढीही मोकळीक नव्हती. १९२९ सालच्या 'गश्ती क्रमांक ५३' या फर्मानानं परवानगीशिवाय सभा घेणंच अवघड केलं. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केलं तर त्यावर बंदी आली, मग नव्या नावानं अंक, त्यावर पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. जिथं वर्तमानपत्राला नाव टिकवता येत नाही, तिथं टोमणा कागदावर राहत नाही. तो चावडीवर, पाणवठ्यावर, गोठ्यात राहतो.

आणि गोठ्यातच या संग्रहातली सगळ्यांत मोठी शब्दसंपत्ती सापडली. इथल्या माणसानं मोकळीक आणि बंधन पहिल्यांदा पाहिलं ते जनावराच्या गळ्यात. दावं, कासरा, वेसण, मुसकं, लोढणं, दावण, कोंडवाडा ही सगळी रोजच्या कामाची नावं आहेत आणि माणसांबद्दल बोलताना तीच वापरली जातात. पोरगं ऐकेनासं झालं की 'दावं तोडलं', बापानं लाड केले की 'कासरा ढिला सोडला', कामधंदा न करता भटकणारा 'उंडगा', तो फिरतो ते 'उंडारणं'. कोणाचा धाकच नसलेला पुढारी म्हणजे 'देवाला सोडलेला पोळ': तो कोणाच्याही वावरात शिरून खातो आणि देवाचा म्हणून त्याला कोणी काठी मारत नाही. स्वातंत्र्य आणि सत्ता यांतला फरक इतक्या थोड्या शब्दांत सांगणारी दुसरी उपमा माझ्या पाहण्यात नाही. पोळाला दावं नाही, खरं. पण त्याच्या मोकळेपणाची किंमत दुसऱ्याचं पीक भरतं.

लोढण्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावं. पळण्याची खोड असलेल्या जनावराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका दोरीनं लोंबता बांधतात. जनावर हळू चाललं तर काही होत नाही, धावायला लागलं की ओंडका पायांवर आपटतो. वरून पाहणाऱ्याला ते मोकळंच दिसतं, चरतंही. 'गळ्यात लोढणं' हा शब्द आपण नको असलेल्या जबाबदारीसाठी सहज वापरतो. पण कर्ज अंगावर असलेला शेतकरी किंवा आगाऊ उचल घेतलेला मजूर हा शब्द स्वतःबद्दल उच्चारतो, तेव्हा तो अगदी नेमकं वर्णन करत असतो. चाल, पण धावू नकोस, एवढंच स्वातंत्र्य.

मुसकं बांधतात ते पिकात कोळपं चालवताना बैलानं तोंड घालू नये म्हणून. माणसाच्या बाबतीत 'मुसक्या बांधल्या' म्हणजे बोलती बंद केली, नाहीतर पकडून नेलं. 'दावणीला बांधणं' तर आता राजकारणाच्या बातम्यांत रोज येतं: अमुक संस्था तमुकाच्या दावणीला बांधली. 'चराऊ कुरण' म्हणजे ज्या योजनेत वाटेल तितकं खाता येतं ती. आणि 'रान मोकळं मिळालं' हे नेहमी दुसऱ्याबद्दल, नेहमी तक्रारीच्या सुरात. कोणी स्वतःबद्दल 'मला रान मोकळं आहे' असं म्हणत नाही. बीड जिल्ह्यात भूमिहीनांना कसायला गायरान मिळावं म्हणून एकनाथ आवाड यांनी जो लढा उभारला, त्याच्या उजेडात हा वाक्प्रचार पुन्हा तपासावा. रान मोकळं होतं, पण ते कोणाला, हा त्या लढ्याचा प्रश्न होता. शेजारच्याच नगर जिल्ह्यातल्या दया पवारांनी आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिलं (१९७४), तेही गावातल्या याच शब्दकुळातलं आहे.

पोळ्याच्या सणाबद्दल दोन वाक्यं. मराठवाड्यात श्रावण अमावस्येला पोळा असतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी झुली, शिंगांना रंग, पुरणपोळी आणि कामाला सुट्टी. पंधरा ऑगस्टही याच दिवसांत, कधी थोडा आधी, कधी जवळजवळ लागून. त्यामुळे वर्षातून एकदा ज्यांचा सन्मान होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जू मानेवर येतं, अशा कोणाच्याही सत्काराला 'एक दिवसाचा पोळा' म्हणण्याची चाल आहे. मास्तर, सफाई कामगार, महिला, शेतकरी सगळ्यांच्या 'दिना'ला हे म्हटलेलं ऐकू येतं, आणि झेंडावंदनालाही.

राजेशाहीतून आलेले शब्द मी भरभर सांगतो, कारण ते सर्वांच्या ओळखीचे आहेत. भावकीत वेगळी चूल मांडणारा 'सवतासुभा' करतो. ग्रामपंचायत स्वतःच्या घरची समजणारा 'संस्थानिक', आणि तो निवडणुकीत पडला की 'संस्थान खालसा'. अधिकार नसताना हुकूम सोडणारा 'फुकट फौजदार'. चळवळीच्या काळातल्या शब्दांचंही घरगुती रूपांतर झालं: उठेना असा पाहुणा आला की 'आता चले जाव म्हणावं लागतंय', स्वयंपाकघरात रुसवा झाला की 'असहकार'. 'काय झेंडे लावलेस?' हा प्रश्न अपयशी पोराला. नोटेवर महात्मा गांधींची छबी कायमची आली ती १९९६ सालच्या मालिकेपासून. पुढं लाचेला 'गांधी' हे नाव पडलं आणि कचेरीत 'गांधी दाखवल्याशिवाय फाईल हलत नाही' हे वाक्य रूढ झालं. ज्या माणसानं आयुष्यभर नैतिक बळाचा आग्रह धरला त्याचं नाव या व्यवहाराला लागावं, याची मला मनापासून वेदना होते. तरीही शब्द संग्रहात ठेवला आहे, कारण तो लोकांचा नाही, टेबलापलीकडच्यांचा दोष सांगतो.

एका शब्दाबद्दल मात्र मला कठोरपणे लिहायचं आहे. तो शब्द 'रझाकार'. लातूरच्या कासीम रझवीच्या नेतृत्वाखालच्या या सशस्त्र संघटनेनं १९४७-४८ मध्ये मराठवाड्यातल्या गावांवर जे अत्याचार केले, त्यांच्या आठवणी घराघरांत आहेत. त्यातून दांडगाईला 'रझाकारी' हा शब्द आला. सावकारानं भांडीकुंडी उचलून नेली, वसुलीवाल्यानं ट्रॅक्टर ओढून नेला, तर 'ही तर रझाकारी झाली' असं लोक म्हणतात, आणि तिथं तो शब्द न्यायानं वापरला जातो. पण हाच शब्द शेजारच्या मुसलमान माणसाला, शाळेतल्या मुलाला थट्टेनं चिकटवला जातो, तेव्हा ती थट्टा राहत नाही. ॲक्शननंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्याची नोंद केली आहे. स्वातंत्र्याच्या नावानं ज्यांची घरं गेली त्यांच्या नातवाला अत्याचाऱ्याचं नाव देणं हा अन्याय आहे. संग्रहात हा शब्द जुलुमाच्या अर्थानंच दिला आहे. दुसरा वापर लोकांच्या तोंडून जावा असं मला वाटतं.

आता शिरूर कासारच्या आजच्या जगण्याकडे येतो. या तालुक्यातली असंख्य कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथं कारखाना असेल तिथं. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम म्हणजे 'उचल'. ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून टनावर हिशेब होतो आणि उचल फिटत जाते. एक दिवस कामाला गेलं नाही की 'खाडा', त्याचे पैसे उलट कापले जातात. हंगामअखेर उचल पुरी फिटली नाही तर 'बाकी' अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

या जगात स्वातंत्र्याला एक खास नाव आहे: 'पट्टा पडला'. कारखान्याचं गाळप थांबलं, की गाड्या गावाकडे वळतात. फडातल्या बोलण्यात हे शब्द सुटकेच्या सुरात येतात. परीक्षा संपलेला पोरगा, बाळंतपण पार पडलेली लेक, दवाखान्यातून घरी आलेला म्हातारा, सगळ्यांना 'पडला का पट्टा?' असं विचारता येतं. आणि ज्याच्या अंगावर बाकी राहिली त्याला हा प्रश्न विचारायचा नसतो. इतका नाजूक शिष्टाचार या थट्टेला आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सालगड्याच्या जगात याच अर्थानं 'साल सुटलं' म्हणतात. साल पाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला सुटतं. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ साली झाला. उचल त्या कायद्याच्या कक्षेत येते की नाही यावर विद्वानांनी लिहावं. मजुरांनी आपलं मत 'अंगावर' या एका शब्दात नोंदवलं आहे: कर्ज खात्यावर असतं, उचल अंगावर असते.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक शब्दजोड टाळता येणार नाही: 'बोगस स्वातंत्र्यसैनिक'. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, केंद्रानं स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केलं. तुरुंगात गेलेल्याचा दाखला तुरुंगाच्या नोंदीत मिळतो. हैदराबादच्या लढ्यात मात्र पुष्कळ काम भूमिगत होतं आणि नगर, सोलापूरच्या हद्दीवरच्या कॅम्पांतून चाललं होतं. त्याची कागदावर खूण नाही. म्हणून जुन्या, शिक्षा भोगलेल्या सैनिकानं 'हा आमच्यासोबत होता' असं लिहून दिलं की ते पुराव्यात धरत. सोय खऱ्यांसाठी होती, फायदा खोट्यांनीही घेतला. बीड जिल्ह्यातल्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या, न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगानं चौकशी केली आणि ऑगस्ट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या प्रकरणात निकाल देताना बजावलं की, खऱ्या सैनिकाचा आदर झाला पाहिजे, पण लढ्याशी संबंध नसलेल्यानं त्याच्या नावावर लाभ घेता कामा नये.

या प्रकरणानं पैशापेक्षा मोठं नुकसान केलं. हैदराबादच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी अंबाजोगाईच्या शाळेतून घडवलेली पिढी, घरदार सोडून कॅम्पांवर राहिलेले तरुण, त्यांना भाकरी पोचवणाऱ्या बाया यांच्यासाठी असलेला शब्दच हास्यास्पद झाला. स्वातंत्र्यसैनिक म्हटलं की समोरचा 'खरा का बोगस?' असं विचारू लागला. ज्या माणसानं खरंच मार खाल्ला, त्याला उतारवयात हे ऐकावं लागलं असेल, तर त्याचं ऋण या जिल्ह्यावर अजून बाकी आहे.

संग्रहात एक उणीव आहे आणि ती दडवण्यात अर्थ नाही: बायकांचे शब्द कमी आहेत. बायको माहेरी गेली की 'आमचा पंधरा ऑगस्ट' हा पुरुषांचा विनोद पानापानावर मिळेल. पंधरा ऑगस्टला दारूची दुकानं बंद असतात, म्हणून 'स्वातंत्र्याच्या दिवशीच पारतंत्र्य' हाही. 'मोकाट सुटली' हे बाईबद्दल नेहमी शिवीसारखं येतं. मोटरसायकलवर रात्रभर हिंडणाऱ्या पोराबद्दल तेच कौतुकानं. पण फडात पहाटे चारला उठून कोपीत (पाचटाच्या झोपडीत) भाकरी थापून, दिवसभर मोळ्या वाहणारी बाई आपल्या मोकळ्या घटकेला काय म्हणते, ते पुरुष संग्राहकांपुढं बोललं गेलं नाही. माहेर हा शब्द तिच्यासाठी काय काय पेलतो, यावर वेगळं पुस्तक व्हावं.

आणि उशिराचा हिशेब १७ सप्टेंबरलाही संपत नाही. जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा रद्द होऊन पारधी, कैकाडी आणि इतर जमाती 'विमुक्त' झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी. त्यांच्यातले कार्यकर्ते हा आकडा आजही दिवसांसकट सांगतात. गोव्याचा दिवस १९ डिसेंबर १९६१. आणि १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' साप्ताहिकाच्या विशेषांकात दलित पँथरचे राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख लिहिला, तेव्हा हे स्वातंत्र्य कोणाचं, हा त्यांनी विचारलेला प्रश्न गावकुसाबाहेर आधीपासून विचारला जात होता. त्यांनी तो पुण्या-मुंबईच्या वाचकासमोर ठेवला आणि मोठं वादळ उठलं. 'यापेक्षा निजाम बरा' असं एखादा म्हातारा टँकरच्या रांगेत वैतागून म्हणतो, त्यालाही याच रांगेत धरावं. त्याला निजाम परत नको असतो. त्याला पाणी हवं असतं.

वाचकांना एक विनंती. यातला शब्द वापरताना तो कोणी, कोणाला, कशाच्या संदर्भात म्हटला हे लक्षात ठेवा. वरच्यानं खालच्याला म्हटला की त्याचा अर्थ फिरतो. आणि शिरूर, पाटोदा, आष्टी, गेवराई, पाथर्डी, शेवगाव इथल्या तरुणांनी आपल्या घरातल्या, फडातल्या माणसांकडून असे शब्द लिहून घ्यावेत, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन, त्यांच्या उच्चारात, न सुधारता. मुलींनी आज्यांना विचारावं, ते काम मुलांकडून होणार नाही. पोलीस ॲक्शन जाणतेपणी पाहिलेलं माणूस आता ऐंशीच्या बरंच पुढं गेलं आहे. आधी त्यांच्याकडे जा.